भुरळ, संमोहन आणि आज्ञापालन

सकाळच्या मिस्सेला निघालेल्या वयस्क बाईला रस्त्यात दोन अनोळखी पुरुष थांबवतात. आपण पोलीस आहोत, पुढे खून झाला आहे, अंगावर दागिने घालून कशाला फिरता, असे दरडावून विचारतात. बाई बांगड्या आणि गळ्यातली साखळी काढून त्यांच्याच रुमालात बांधायला देते. घरी येऊन गाठ सोडते तेव्हा आत खडे निघतात. अशा बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. त्या बाईला विचारले तर ती सांगते, "मला काही सुचलेच नाही. त्यांनी भुरळ घातली." शेजारी म्हणतात, संमोहन केले असणार. घरातली मंडळीही तेच मान्य करतात, कारण त्यामुळे कोणालाच दोष द्यावा लागत नाही.

परंतु हे संमोहन होते काय? संमोहनाच्या अधीन होणे आणि अधिकाऱ्याच्या आज्ञेच्या अधीन होणे ही एकच गोष्ट आहे, असा आपला सर्वसाधारण समज आहे. ज्याचे मन दुबळे तो लवकर संमोहित होतो आणि असा मनुष्य कोणाचीही कोणतीही आज्ञा पाळतो, अशी ही विचारसाखळी असते. गेल्या शंभराहून अधिक वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी या साखळीची एकेक कडी तपासून पाहिली आहे. विशेष म्हणजे या शोधाच्या आरंभी एक कॅथलिक धर्मगुरू उभा आहे आणि तो आपल्या शेजारच्या गोव्याचा आहे.

जुझे कुस्तोदियो दि फारिया यांचा जन्म मे १७५६ मध्ये बारदेशातील कांदोळी येथे झाला. आईवडिलांनी परस्परसंमतीने संसार सोडला. वडील कायतान व्हितोरिन धर्मगुरू झाले आणि आईने जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात प्रवेश घेतला. १७७१ मध्ये वडील मुलाला घेऊन लिस्बनला गेले आणि तेथून रोमला. १७८० मध्ये जुझे यांना गुरुदीक्षा मिळाली आणि ईशज्ञानात त्यांनी डॉक्टरेट मिळवली. गोव्यात त्यांच्याविषयी एक आख्यायिका आवडीने सांगितली जाते. लिस्बनच्या राजदरबारी प्रार्थनामंदिरात राणीसमोर प्रवचन करताना तरुण फादरांची वाचाच बसली. खाली बसलेल्या वडिलांनी कोंकणीत हळूच म्हटले, ही सगळी भाजी आहे, कातर रे भाजी! मुलाची भीती पळाली आणि प्रवचन खणखणीत झाले. आख्यायिका खरी असो वा नसो, अधिकारी व्यक्तीच्या एका शब्दाने मनुष्याच्या मनःस्थितीत किती पालट होतो, याचा हा धडा पुढे संमोहनशास्त्राचा पाया घालणाऱ्या माणसाच्या नावावर जमा व्हावा, हे मोठे समर्पक आहे.

फारिया १७८८ मध्ये पॅरिसला गेले. त्या शहरात तेव्हा फ्रान्झ मेस्मर या वैद्याच्या 'प्राणिज चुंबकत्वा'चा बोलबाला होता. वैद्याच्या देहातून एक अदृश्य द्रव वाहतो आणि तो रोग्याच्या शरीरात शिरून त्याला बरे करतो, असा मेस्मरचा दावा होता. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या आयोगाने त्याची परीक्षा केली होती. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए त्याचे सदस्य होते. बागेतल्या एका झाडात 'चुंबकत्व' भरल्याचे सांगून एका मुलाला डोळे बांधून नेले, तर तो भलत्याच झाडापाशी बेशुद्ध पडला. द्रव नाही, सारा कल्पनेचा परिणाम आहे, असा निष्कर्ष आयोगाने काढला आणि विषय संपवला. कल्पनेचा एवढा परिणाम होतो तरी कसा, हा खरा कुतूहलाचा प्रश्न आयोगाने तसाच सोडून दिला.

तो फारियांनी उचलला. १८१३ पासून पॅरिसमधील क्लिशी रस्त्यावर त्यांनी जाहीर प्रात्यक्षिके सुरू केली. त्यांची पद्धत अगदी साधी होती. समोरच्याला खुर्चीत आरामात बसवायचे, डोळे मिटून झोपेवर चित्त एकाग्र करायला सांगायचे आणि मग मोठ्या आवाजात एकच आज्ञा द्यायची, 'झोपा!' तीनचार प्रयत्नांत झोप लागली नाही तर तो मनुष्य यासाठी योग्य नाही, असे सांगून त्याला उठवायचे. म्हणजे माणसामाणसांत संमोहनाची क्षमता कमीअधिक असते, हे त्यांनी प्रत्यक्ष व्यवहारात ओळखले होते. संमोहन घडवणाऱ्याच्या अंगी कोणतीही शक्ती नसते, जे काही घडते ते झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनातून घडते, असे ते श्रोत्यांना आवर्जून सांगत. काही जणच का झोपतात याचे कारण मात्र त्यांनी रक्ताच्या पातळपणात शोधले. ते चुकीचे होते.

लोकांना हे रुचले नाही. चुंबकत्ववाद्यांना ते आपल्या धंद्याचे शत्रू वाटले, काही धर्मगुरूंना त्यांच्या प्रयोगांत सैतानाचा हात दिसला आणि १८१६ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर त्यांची टवाळी करणारे प्रहसन झाले. आपला ग्रंथ छापला गेला त्याच वर्षी, २० सप्टेंबर १८१९ रोजी त्यांचे पॅरिसमध्ये निधन झाले. पणजीत मांडवीच्या काठी जुन्या सचिवालयाशेजारी शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला त्यांचा पुतळा १९४५ पासून उभा आहे. दोन्ही हात पुढे पसरलेले फादर आणि त्यांच्यासमोर कोसळत असलेली स्त्री. शिल्प म्हणून ते विलक्षण आहे. तरीही त्यांच्या हातांतूनच काही शक्ती वाहत असावी असा भास ते निर्माण करते, आणि नेमके हेच खोडून काढण्यात त्या माणसाने आपली उमेदीची वर्षे घालवली होती.

फारियांनी जे नजरेने हेरले ते मोजण्याची साधने विसाव्या शतकात आली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आंद्रे वाइत्झेनहॉफर आणि अर्नेस्ट हिलगार्ड यांनी १९५९ मध्ये संमोहनशीलतेची मापनश्रेणी प्रसिद्ध केली. व्यक्तीला ठराविक शब्दांत संमोहनाच्या सूचना देतात आणि मग बारा छोट्या कसोट्या घेतात. पुढे धरलेला हात जड होऊन खाली येतो का? वाकणार नाही असे सांगितलेला हात खरोखरच वाकत नाही का? कानाशी माशी घोंगावते आहे असे सांगितल्यावर ती जाणवते का? जितक्या कसोट्यांना प्रतिसाद मिळेल तितके गुण. बहुसंख्य माणसे मधल्या पट्ट्यात येतात. फार जास्त आणि फार कमी गुण मिळवणारे थोडे असतात. पन्नास जणांची पंचवीस वर्षांनी फेरतपासणी केली, त्याचे निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वेळच्या गुणांतील सहसंबंध ०.७१ इतका भरला. पूर्ण सारखेपणा असता तर तो १ आला असता. पंचविशीतला मनुष्य पन्नाशीला पोहोचतो, संसार, नोकरी आणि मते बदलतात, पण ही क्षमता फारशी हलत नाही.

मग ही क्षमता कोणाच्या अंगी अधिक असते? भोळ्याभाबड्यांच्या, दुबळ्या मनाच्या माणसांच्या, असे उत्तर आपल्या ओठांवर असते, परंतु मापनांनी त्याला आधार दिलेला नाही. ऑके टेलेगेन आणि गिल्बर्ट ॲटकिन्सन यांनी १९७४ मध्ये दाखवले की हिचे नाते तल्लीनतेशी आहे. कादंबरी वाचताना हाक ऐकू न येणारा, सूर्यास्त पाहताना वेळेचे भान हरपणारा मनुष्य संमोहनाला तुलनेने चांगला प्रतिसाद देतो, आणि हेही नाते माफकच आहे. जोसेफिन हिलगार्ड यांना मुलाखतींमधून आणखी एक धागा गवसला होता. बालपणी कडक शिक्षा भोगलेली काही माणसे अधिक संमोहनशील आढळली. धाकामुळे त्यांना निमूटपणे आज्ञा पाळण्याचे वळण लागले असेल किंवा छळातून सुटण्यासाठी ती कल्पनेच्या जगात जायला शिकली असतील, असे दोन अर्थ त्यांनी सुचवले. पुढच्या संशोधनात हा धागा तितकासा टिकला नाही. तरीही संमोहन आणि अधिकार यांची गाठ बालपणात शोधण्याचा मोह जुना आहे. हंगेरीचे मनोविश्लेषक शांडोर फेरेन्सी यांनी तर १९०९ मध्येच संमोहनाचे दोन प्रकार सांगितले होते. एक बापाच्या दरडावणीसारखा, दुसरा आईच्या अंगाईसारखा.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. संमोहित माणसाकडून त्याच्या इच्छेविरुद्ध दुष्कृत्य करवून घेता येते का? याचे उत्तर शोधताना अमेरिकन संशोधक मार्टिन ऑर्न आणि त्यांचे सहकारी फ्रेडरिक इव्हान्स यांनी एक चतुर प्रयोग रचला. तो १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा गाढ संमोहित व्यक्तींना विषारी साप हाताने धरायला, तीव्र आम्लात हात घालून नाणे काढायला आणि तेच आम्ल साहाय्यकाच्या तोंडावर फेकायला सांगण्यात आले. कोणाला इजा होऊ नये याची व्यवस्था पडद्याआड केलेली होती. सहापैकी पाच जणांनी सारे केले. एवढ्यावर थांबले असते तर 'संमोहनाने गुन्हे घडतात' असा मथळा तयार होता. पण ऑर्न यांनी आणखी सहा जण घेतले होते. ते संमोहित नव्हतेच, संमोहित असल्याचे सोंग करायला त्यांना सांगितले होते. त्या सहाच्या सहा जणांनी तेच केले. जे संमोहित नव्हते आणि सोंगही करत नव्हते, अशा लोकांपैकीही कित्येकांनी आज्ञा पाळली. असे का केले, असे विचारता उत्तर आले की हे विद्यापीठ आहे, येथे कोणी आम्हाला इजा होऊ देणार नाही याची खात्री होती.

ऑर्न यांना या उत्तराचे आश्चर्य वाटले नसावे. त्यापूर्वी त्यांनी लोकांना निरर्थक बेरजांचे कागदांचे ढीग दिले होते आणि प्रत्येक कागद पूर्ण झाला की त्याचे किमान बत्तीस तुकडे करून पुढचा कागद घ्यायला सांगितले होते. माणसे कंटाळून उठतील ही त्यांची अपेक्षा होती. माणसे तासन्‌तास बेरजा करत आणि कागद फाडत राहिली. कंटाळला तो प्रयोग घेणारा. ना संमोहन, ना धाक. हा वैज्ञानिक प्रयोग आहे, एवढा एक शब्द पुरेसा होता.

याच सुमारास, १९६१ आणि १९६२ मध्ये, येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्रॅम यांचे प्रयोग चालू होते. जेरुसलेममध्ये नाझी अधिकारी आइकमन याच्यावर खटला उभा होता आणि आपण केवळ आज्ञा पाळल्या, असा त्याचा बचाव होता. मिलग्रॅम यांनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन सामान्य माणसे बोलावली. शेजारच्या खोलीतील 'विद्यार्थी' चुकला की त्याला विजेचा धक्का द्यायचा आणि दर चुकीला तो वाढवत न्यायचा, असे त्यांना सांगितले. विद्यार्थी नट होता आणि धक्के खोटे होते, पण बटण दाबणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. प्रसिद्ध झालेल्या पहिल्या प्रयोगात चाळीसपैकी सव्वीस जण ४५० व्होल्टच्या अखेरच्या बटणापर्यंत गेले. हजारात जेमतेम एखादा इतका पुढे जाईल, असे मनोविकारतज्ज्ञांनी आधी भाकीत केले होते. ही माणसे क्रूर नव्हती. त्यांना घाम फुटत होता, हात थरथरत होते, काही विचित्र हसत होती. करड्या रंगाचा कोट घातलेला गृहस्थ शांतपणे म्हणत होता की प्रयोग पुढे चालू राहणे आवश्यक आहे, आणि ती पुढे जात होती.

या माणसांना कोणी झोपवले नव्हते. तरीही मिलग्रॅम यांनी त्यांच्या मनोवस्थेचे केलेले वर्णन वाचताना संमोहनाची आठवण होते. मनुष्य स्वतःला दुसऱ्याच्या इच्छेचे साधन समजू लागतो, कृती त्याच्या हातून घडते पण जबाबदारी त्याला आपली वाटत नाही. संमोहित मनुष्य म्हणतो, हात आपोआप वर गेला. आज्ञाधारक मनुष्य म्हणतो, मला सांगितले म्हणून मी केले. एमिली कास्पार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये याचे मोजमाप प्रसिद्ध केले. आपल्या मर्जीने बटण दाबले की ते दाबणे आणि त्यानंतर होणारा आवाज यांतील अंतर मनाला कमी वाटते. तेच बटण दुसऱ्याच्या हुकमाने दाबले तर अंतर लांबल्यासारखे वाटते, जणू परिणाम आपला नव्हेच. म्हणजे 'मी केले नाही' हे नेहमीच निव्वळ निमित्त नसते. हुकूम पाळताना कर्तेपणाची जाणीवच बोथट होते.

साम्य एवढेच. संमोहनाची क्षमता प्रत्येकाची वेगळी असते आणि आयुष्यभर बहुधा तशीच राहते. आज्ञापालनाचे प्रमाण मात्र परिस्थितीबरोबर झपाट्याने बदलते. मिलग्रॅम यांनी अधिकाऱ्याला खोलीतून काढून फोनवरून सूचना द्यायला लावल्या तेव्हा शेवटपर्यंत जाणारे सुमारे एक-पंचमांश उरले. सोबत बसलेल्या दोघांनी नकार दिला तेव्हा चाळीसपैकी अवघे चार उरले. दोन अधिकारी आपसात भांडू लागले तेव्हा एकही नाही. आज्ञा पाळणाऱ्याची प्रकृती तीच, भोवतालची माणसे तेवढी बदलली. भामट्यांना हे शास्त्र पुस्तकाविना अवगत असते. अलीकडच्या 'डिजिटल अरेस्ट'च्या फसवणुकीत ते प्रथम सांगतात की कॅमेरा बंद करू नका, खोलीबाहेर जाऊ नका, घरात कोणाला सांगू नका. फोनवरच्या अधिकाऱ्याचा वचक कमी पडतो म्हणून ते चित्रफितीतून गणवेश घरात आणतात आणि नकार देणारा शेजारी आत येणार नाही याची तजवीज करतात. अशी कोणतीही अटक कायद्यात नाही, असे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरून सांगितले. तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे. दागिने देऊन बसलेल्या बाईच्या बाबतीतही हेच घडलेले असते. तिच्यासोबत शेजारीण असती आणि ती म्हणाली असती, 'थांबा हो, आधी ओळखपत्र दाखवा,' तर तथाकथित भुरळ तेथेच उतरली असती.

गुन्ह्याच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला संमोहनाचा खटलाही याच दिशेने बोट दाखवतो. मार्च १९५१ मध्ये कोपनहेगन येथे पॅले हार्ड्रुप याने बँक लुटताना दोघांना ठार केले. संमोहनाने हे घडवले म्हणून त्याचा जुना तुरुंगमित्र ब्यॉर्न शोव नील्सेन याला १९५४ मध्ये जन्मठेप झाली. तपशील पाहिला तर दिसते की त्यामागे तुरुंगातल्या एकांतातली दीर्घकाळची संगत होती आणि एक संरक्षक आत्मा नील्सेनच्या मुखातून आपल्याला आज्ञा देतो, ही हार्ड्रुपची धारणा होती. हार्ड्रुपला झोपवले की नाही यापेक्षा त्याच्या लेखी त्या आवाजाला दैवी अधिकार होता, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

येथे विषय ख्रिस्तसभेच्या दारात येतो. संमोहनाविषयी ख्रिस्तसभेने सरसकट बंदी कधी घातली नाही. १८४७ मध्ये रोमच्या पवित्र कार्यालयाने सांगितले की जेथे अंधश्रद्धा किंवा अनैतिक हेतू नाही तेथे नैसर्गिक साधनांचा वापर निषिद्ध नाही. १८५६ मध्ये त्याच कार्यालयाने बिशपांना पत्र लिहून चुंबकत्वाच्या नावाने चाललेल्या भविष्यकथनादी गैरप्रकारांविरुद्ध सावध केले. पोप बारावे पायस यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी भूलतज्ज्ञांसमोर बोलताना वैद्यकीय कारणासाठी, वैद्याच्या हातून होणाऱ्या संमोहनाला औषधी भुलीचेच नैतिक नियम लावले आणि हा हौशी लोकांनी खेळण्याचा विषय नव्हे, असे बजावले. वेदनाशमनासाठी किंवा भीतीच्या विकारासाठी प्रशिक्षित डॉक्टरने संमोहन सुचवले तर श्रद्धावंताने बिचकण्याचे कारण नाही.

अवघड प्रश्न आहे तो दुसरा, आज्ञापालनाचा. आपल्या धर्मात आज्ञापालन हा सद्गुण आहे, व्रतस्थ ते व्रत म्हणून स्वीकारतात. मग हे प्रयोग त्या सद्गुणावर घाला घालतात का? मिलग्रॅम यांच्या प्रयोगात जुना करार शिकवणारे एक प्राध्यापक होते. विद्यार्थ्याने नकार देताच ते १५० व्होल्टवर थांबले. नंतर त्यांनी सांगितले की ज्याचा अंतिम अधिकारी परमेश्वर आहे त्याला माणसांचा अधिकार क्षुल्लक वाटतो. मिलग्रॅम यांनी टिपले की येथे अधिकार झुगारलेला नाही, एका अधिकाराच्या जागी श्रेष्ठ अधिकार आला आहे. न्यायसभेसमोर उभ्या असलेल्या प्रेषितांचे उत्तर याहून वेगळे नव्हते. पण याच उत्तरात धोकाही आहे. हार्ड्रुपनेही श्रेष्ठ अधिकारच मानला होता. म्हणून ख्रिस्तसभेची शिकवण सदसद्विवेकबुद्धीला मध्ये आणते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये तिला मनुष्याचे सर्वांत अंतरीचे मंदिर मानले, आणि संत जॉन हेन्री न्यूमन यांनी १८७५ मध्येच लिहिले होते की पोपमहोदयांच्या नावाने पेला उंचावण्यापूर्वी ते सदसद्विवेकबुद्धीच्या नावाने उंचावतील. पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०१८ मध्ये देवाच्या प्रजेला लिहिलेल्या पत्रात लैंगिक अत्याचाराच्या जोडीने सत्तेचा आणि विवेकबुद्धीचा गैरवापर, हे शब्द योजले. झग्याचा मान राखणाऱ्या आपल्या समाजात 'फादर सांगतात म्हणून' हे कारण अजूनही बऱ्याच ठिकाणी पुरते, हे लक्षात घेतले की ते शब्द आपल्यालाही लागू होतात हे कळते.

फ्रान्झ येगरस्टेटर हा ऑस्ट्रियातील सांक्ट राडेगुंड गावचा शेतकरी. १९३८ मध्ये हिटलरच्या राज्यात सामील होण्याविरुद्ध मत देणारा त्या गावातला तो एकटाच. पुढे तो चर्चचा सेवक झाला आणि रोज मिस्सेला जात असे. लष्करात बोलावणे आले तेव्हा हे युद्ध अन्यायाचे आहे म्हणून त्याने नकार द्यायचे ठरवले. गावच्या मंडळींनी समजावले, ओळखीच्या धर्मगुरूंनी समजावले. तो लिंझच्या बिशपांकडे गेला, तर त्यांनीही बायको आणि तीन मुलींचा विचार कर, असेच सांगितले. प्रयोगशाळेच्या भाषेत बोलायचे तर खोलीतले सारे अधिकारी एकमताचे होते आणि नकार देणारा सोबती एकही नव्हता. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंझच्याच महामंदिरात त्याला धन्य घोषित करण्यात आले. तेव्हा ९४ वर्षांची त्याची पत्नी फ्रान्झिस्का तेथे हजर होती.